मॅसॅच्युसेट्सचा स्टेट ऑडिटर आणि त्याची निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गव्हर्नर कोण व्हावा यावर बॉस्टनच्या आसपासच्या मराठी घरांत तासन्‌तास वाद होतात. मात्र मतपत्रिका हातात आली की खाली 'ऑडिटर' या रकान्यापाशी पेन थबकतं. ही नावं कधी ऐकलेली नसतात, हा माणूस काय करतो तेही ठाऊक नसतं, आणि मग जागा कोरी सोडून आपण पान उलटतो. मॅसॅच्युसेट्समध्ये कोऱ्या सोडलेल्या जागाही मोजून निकालासोबत छापतात. ऑडिटरच्या रकान्यात त्या दर वेळी हजारोंनी असतात आणि गव्हर्नरच्या रकान्यापेक्षा कितीतरी जास्त. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या मतपत्रिकेवरची ही एकच जागा अशी आहे की जिचं काम सरकार चालवणं नसून सरकारला प्रश्न विचारणं आहे.

नुकतंच नागरिकत्व घेतलेल्या मित्रमंडळींनी गणपतीच्या जेवणात, शाळेच्या पार्किंगमध्ये आणि फोनवर विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. 2022 नंतरची निवडणूक 3 नोव्हेंबर 2026 ची आहे.

स्टेट ऑडिटर म्हणजे सरकारी अधिकारी की पुढारी?

दोन्ही. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यभरातल्या मतदारांनी थेट निवडायची सहा पदं आहेत: गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर, अ‍ॅटर्नी जनरल, सेक्रेटरी, ट्रेझरर आणि ऑडिटर. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर यांना एकच जोडमत पडतं, बाकीच्यांना वेगवेगळं. ऑडिटर पक्षाच्या तिकिटावर किंवा अपक्ष म्हणून उभा राहतो, प्रचार करतो, देणग्या घेतो. निवडून आला की चार वर्षं राज्याच्या खात्यांची तपासणी करतो. त्याला गव्हर्नर नेमत नाही, त्यामुळे गव्हर्नर काढूही शकत नाही.

मग ट्रेझरर आणि कम्पट्रोलर काय करतात? तिघंही पैशाचंच बघतात ना?

घरातल्या उदाहरणाने सांगतो. तिजोरीची किल्ली ट्रेझररकडे असते. कम्पट्रोलर रोजची खतावणी ठेवतो, बिलं चुकती करतो आणि वर्षाचा ताळेबंद मांडतो. किल्ली आणि वही या दोन्हींशी ज्याचा संबंध नाही असा तिसरा माणूस येऊन विचारतो, 'हा खर्च कशासाठी झाला, पावती कुठाय, आणि ज्यासाठी झाला ते काम झालं का?' तो ऑडिटर. ट्रेझरर निवडून येतो, कम्पट्रोलरची नेमणूक गव्हर्नर करतो. तिसऱ्याला लोकांनी निवडायचं हे त्यामुळे जास्तच महत्त्वाचं ठरतं.

हिशेब तपासण्यासारख्या कामाला निवडणूक कशाला? परीक्षा घेऊन नेमा की!

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलाय आणि तो रास्त आहे. माझे वडील महाराष्ट्रात एका जिल्हा परिषदेत नोकरीला होते. 'ऑडिट लागलंय' हे शब्द घरात आले की पुढचे पंधरा दिवस जेवणाच्या वेळा बदलायच्या. व्हाउचरं शोधायची, 'पॅरा', म्हणजे तपासनीसाचा लेखी आक्षेप, निघू नये म्हणून धडपडायचं, निघालाच तर अनुपालन लिहीत बसायचं. ते तपासनीस कुणी निवडून दिलेले नव्हते, तरी त्यांचा धाक होता. मग इथे मतदान कशाला?

याचं उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये ऑडिटरचं पद 1849 च्या कायद्याने आलं, पण सुरुवातीला त्यासाठी लोकांचं मत घेत नसत. 1855 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि सेक्रेटरी, ट्रेझरर, ऑडिटर, अ‍ॅटर्नी जनरल ही पदं मतदारांच्या हाती आली. त्या काळात अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हेच वारं होतं. गव्हर्नर आणि विधिमंडळ यांच्या मर्जीतल्या माणसांनी त्यांचेच हिशेब तपासावेत, हे लोकांना पटेनासं झालं होतं. तेव्हा निवडणूक दरवर्षी व्हायची. पुढे मुदत दोन वर्षांची झाली आणि 1966 च्या निवडणुकीपासून चार वर्षांची.

आज अमेरिकेतल्या साधारण निम्म्या राज्यांत ऑडिटर निवडून येतो. उरलेल्यांत त्याला विधिमंडळ किंवा गव्हर्नर नेमतो. टेक्सासमध्ये विधिमंडळाची समिती नेमते. कॅलिफोर्नियात विधिमंडळाची लेखापरीक्षा समिती नावं सुचवते आणि गव्हर्नर त्यातून एक निवडतो. दोन्ही पद्धतींना जमेच्या आणि खर्चाच्या बाजू आहेत, त्याबद्दल पुढे येईलच.

तो नेमकं काय तपासतो? आमच्या टाऊनची शाळा, रस्ते, प्रॉपर्टी टॅक्स?

राज्याची खाती, महामंडळं, राज्य विद्यापीठं, न्यायालयांचा कारभार, शेरिफांची कार्यालयं, स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणं हे सगळं त्याच्या कक्षेत येतं. प्रत्येक संस्थेची तीन वर्षांतून किमान एकदा तपासणी व्हावी असं कायदा सांगतो. नुसत्या बेरजा-वजाबाक्या बघून काम भागत नाही. पैसे खर्च झाले, पण योजना चालली का? नियमाप्रमाणे मुलांच्या सुरक्षिततेच्या तपासण्या झाल्या का? संगणकातली माहिती सुरक्षित आहे का? यालाच कामगिरीचं लेखापरीक्षण म्हणतात, आणि आजकाल या कार्यालयाचा बराच वेळ त्यात जातो.

तुमच्या टाऊनचा वार्षिक ताळेबंद मात्र तो तपासत नाही. ते काम टाऊनने नेमलेली खासगी सीपीए (आपल्याकडच्या सीएसारख्या लेखापालांची) फर्म करते. तरीही टाऊनशी त्याचा एक घट्ट धागा आहे. 1980 मध्ये इथल्या मतदारांनी 'प्रपोझिशन अडीच' मंजूर केलं. त्यामुळे टाऊनला प्रॉपर्टी टॅक्सची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही. नवं बांधकाम आणि मतदारांनी दिलेली खास परवानगी एवढेच अपवाद. अशा वेळी राज्याने नवा कायदा करून खर्च टाऊनच्या गळ्यात मारला तर टाऊनने पैसे आणायचे कुठून? म्हणून ऑडिटरच्या कार्यालयात एक वेगळा विभाग आहे. टाऊन तिथे अर्ज करू शकतं की राज्याने काम लादलं, पण पैसे दिले नाहीत. 2016 च्या निवडणुकीत राज्यभर पहिल्यांदा मुदतपूर्व मतदान (ठरलेल्या दिवसाच्या आधीच केंद्रावर जाऊन मत देण्याची सोय) झालं तेव्हा हेच घडलं. त्यासाठी लागलेल्या जादा खर्चाचा काही भाग राज्याने सोसायला हवा, असा निर्णय ऑडिटरने 2017 मध्ये दिला आणि टाऊनना ते पैसे परत मिळाले. तुमच्या टाऊन क्लार्कला विचारून बघा, त्यांना हे पक्कं आठवत असेल.

सरकारी मदतीच्या योजनांतली फसवणूक शोधणारा विभागही ऑडिटरकडेच आहे. शिवाय एखादं सरकारी काम खासगी कंपनीला द्यायचं असेल तर त्याने खरंच पैसे वाचतात का, हे 1993 च्या एका कायद्यानुसार आधी ऑडिटरकडून पडताळून घ्यावं लागतं.

चोरी सापडली तर तो कुणाला तुरुंगात पाठवू शकतो का?

नाही. खटला भरणं अ‍ॅटर्नी जनरल किंवा जिल्ह्याच्या सरकारी वकिलाचं काम. ऑडिटर अहवाल लिहितो, त्यात त्या खात्याचं म्हणणंही छापतो, शिफारशी करतो, काही महिन्यांनी त्यांचं काय झालं ते विचारतो आणि गरज असेल तिथे प्रकरण पुढे पाठवतो. 'मग उपयोग काय?' असं लगेच विचारलं जातं. उपयोग असा की अहवाल सगळ्यांसाठी खुला असतो, साध्या भाषेत असतो, आणि दुसऱ्या दिवशी पत्रकार त्यावर प्रश्न घेऊन खात्याच्या दारात उभे असतात.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. राज्याच्या इन्स्पेक्टर जनरलची निवड तिघांच्या बहुमताने होते: गव्हर्नर, अ‍ॅटर्नी जनरल आणि ऑडिटर. हे पद 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, सरकारी इमारतींच्या ठेक्यांत झालेला भ्रष्टाचार उघडकीला आल्यावर तयार झालं. म्हणजे ऑडिटरला दिलेल्या मताचा वाटा आणखी एका पहारेकऱ्याच्या नेमणुकीतही असतो.

उमेदवार सीपीए असावा लागतो का?

इथे तशी अट नाही. 1987 ते 2011 अशी चोवीस वर्षं ऑडिटर असलेले जो डिनूची हे त्याआधी मिडलवेट गटातले व्यावसायिक मुष्टियोद्धे होते. त्यांच्या जागी आलेल्या सुझान बम्प या पदावरच्या पहिल्या महिला, आणि त्या वकील होत्या. मिनेसोटाच्या जुली ब्लाहा गणिताच्या शिक्षिका होत्या. मिझुरीच्या निकोल गॅलोवे मात्र सीपीए होत्या.

प्रत्यक्ष तपासणी कार्यालयातले प्रशिक्षित लेखापरीक्षक करतात आणि त्यांना केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण मानकांप्रमाणे चालावं लागतं. वरचा माणूस कुठल्या खात्याकडे आधी वळायचं, दबाव आला तर कितपत टिकायचं, अहवाल मवाळ करा म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं हे ठरवतो. माझ्या मते पदवीपेक्षा हा कणा जास्त मोलाचा आहे. तरी उमेदवाराला ताळेबंद वाचता येतो का, हे विचारण्यात गैर काहीच नाही.

2022 मध्ये काय झालं होतं?

सुझान बम्प यांनी पुन्हा उभं राहायचं नाही असं ठरवल्यामुळे जागा मोकळी झाली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, दोन तगडे उमेदवार होते. एक ख्रिस डेम्प्सी. 2024 चं ऑलिंपिक बॉस्टनला आणायचा घाट घातला गेला होता. त्याचा भुर्दंड करदात्यांवर पडेल म्हणून ज्या मोजक्या लोकांनी विरोधाची मोहीम उभारली त्यांतले ते एक, आणि 2015 मध्ये बॉस्टनची दावेदारी खरंच मागे घेतली गेली. पक्षाच्या अधिवेशनाचा कौल आणि मावळत्या ऑडिटरचा पाठिंबा दोन्ही त्यांच्याकडे होते.

दुसऱ्या डायना डिझोग्लिओ, मेथुएन गावच्या. आधी राज्याच्या कनिष्ठ सभागृहात, मग सिनेटमध्ये. त्याही आधी त्या विधिमंडळात एका आमदाराच्या मदतनीस होत्या. तिथून त्यांना काढलं गेलं आणि जाताना गुप्ततेच्या करारावर सही घेतली गेली. पुढे त्या स्वतः आमदार झाल्या आणि 2018 मध्ये भर सभागृहात उभं राहून त्यांनी तो करार मोडला, झालेलं सांगितलं. सरकारी पैशातून लोकांची तोंडं बंद करणारे करार नकोत आणि विधिमंडळाचंही ऑडिट झालं पाहिजे, हे त्यांच्या प्रचाराचे मुद्दे होते. 6 सप्टेंबर 2022 च्या प्राथमिक फेरीत त्यांनी डेम्प्सींना हरवलं.

नोव्हेंबरात समोर रिपब्लिकन अँथनी अमोरे होते. ते बॉस्टनच्या इझाबेला स्ट्यूअर्ट गार्डनर संग्रहालयाचे सुरक्षाप्रमुख. याच संग्रहालयातून 1990 मध्ये तेरा कलाकृती चोरीला गेल्या आणि आजवर मिळालेल्या नाहीत. तेव्हाचे लोकप्रिय रिपब्लिकन गव्हर्नर चार्ली बेकर यांनी अमोरेंना पाठिंबा दिला होता. आणखी तीन छोट्या पक्षांचे उमेदवारही होते. डिझोग्लिओ सुमारे 55 टक्के मतांनी निवडून आल्या, अमोरेंना सुमारे 38 टक्के मिळाली.

विधिमंडळाच्या ऑडिटवरून एवढा गदारोळ का झाला?

कारण इथे दोन खरी तत्त्वं एकमेकांसमोर उभी आहेत. हा वाद नीट समजून घ्यावा असं मला कळकळीने वाटतं.

डिझोग्लिओंनी 2023 मध्ये विधिमंडळाची तपासणी सुरू करायचं जाहीर केलं. दोन्ही सभागृहांच्या नेत्यांनी नकार दिला. नेतेही डेमोक्रॅटच, त्यामुळे हे नेहमीचं पक्षाचं भांडण नव्हतं. त्यांचा मुद्दा राज्यघटनेचा होता. मॅसॅच्युसेट्सची घटना 1780 ची, जॉन अ‍ॅडम्स यांनी मुख्यतः लिहिलेली आणि जगात आजही चालू असलेल्या लिखित राज्यघटनांत सर्वांत जुनी मानली जाणारी. तिच्या हक्कांच्या जाहीरनाम्यातलं तिसावं कलम सांगतं की कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायसंस्था यांनी एकमेकांची कामं करायची नाहीत, म्हणजे राज्य माणसांचं न राहता कायद्याचं राहील. ऑडिटर कार्यकारी बाजूचा, मग त्याने कायदेमंडळात हात घालायचा कसा, असं नेत्यांचं म्हणणं. आमचे हिशेब आम्ही बाहेरच्या फर्मकडून तपासून घेतो, हेही ते सांगत होते.

नोव्हेंबर 2023 मध्ये अ‍ॅटर्नी जनरल अँड्रिया कॅम्पबेल यांनी कळवलं की त्या वेळच्या कायद्यानुसार विधिमंडळाच्या संमतीशिवाय ऑडिटरला तसा अधिकार नाही. तेव्हा डिझोग्लिओ आणि त्यांचे समर्थक लोकांकडे गेले. सह्या गोळा झाल्या आणि नोव्हेंबर 2024 च्या मतपत्रिकेवर पहिलाच प्रश्न होता: ऑडिटरला विधिमंडळ तपासायचा स्पष्ट अधिकार द्यायचा का? जवळपास 72 टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. इतक्या विभागलेल्या काळात एवढी एकवाक्यता क्वचितच दिसते. तो कायदा जानेवारी 2025 पासून लागू झाला, तरी विधिमंडळाने दारं उघडली नाहीत, आणि कुणी कुणावर खटला भरायचा यावरून ऑडिटर आणि अ‍ॅटर्नी जनरल यांच्यातच जुंपली.

माझं मत सांगतो. अधिकारांच्या विभागणीची भीती खोटी नाही. उद्या एखादा ऑडिटर तपासणीच्या नावाखाली आमदारांना त्यांनी मत असंच का दिलं हे विचारू लागला तर ते घातक ठरेल. पण भत्ते, ठेके, खरेदी, कर्मचाऱ्यांशी केलेले पैशाचे करार यांचा कायदे करण्याशी संबंध नाही, तो जनतेचा पैसा आहे. आणि मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला सार्वजनिक कागदपत्रांचा कायदा लागू होत नाही. आपल्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो तसा इथे आमदारांच्या कार्यालयाकडे टाकून कागद मिळवता येत नाहीत. जिथे ही खिडकी बंद आहे तिथे ऑडिटचं दार तरी उघडं हवं.

निवडून आलेला ऑडिटरच चोर निघाला तर?

तसं झालेलं आहे. इलिनॉयमध्ये 1952 साली ऑर्व्हिल हॉज हे 'ऑडिटर ऑफ पब्लिक अकाउंट्स' म्हणून निवडून आले. तिथे हा ऑडिटर राज्याचे चेकही काढायचा, म्हणजे किल्ली, वही आणि तपासणी एकाच हातात. हॉज यांनी खोटे चेक काढून पंधरा लाख डॉलरांहून जास्त रक्कम लाटली. 1956 मध्ये शिकागो डेली न्यूजने ते बाहेर काढलं, त्या वृत्तपत्राला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, हॉज यांनी राजीनामा दिला, गुन्हा कबूल केला आणि ते तुरुंगात गेले.

इलिनॉयने यातून धडा घेतला. 1970 च्या नव्या घटनेत हे पद मोडून दोन केली. पैसे देणारा कम्पट्रोलर लोकांनी निवडायचा, आणि तपासणारा ऑडिटर जनरल विधिमंडळाने तीन-पंचमांश बहुमताने दहा वर्षांसाठी नेमायचा. निवडणुकीने प्रामाणिकपणाची हमी मिळत नाही, कामांची विभागणी नीट असावी लागते, हे हॉज प्रकरणाने दाखवून दिलं. मॅसॅच्युसेट्सचा ऑडिटर चेक काढत नाही, हे त्यामुळे लक्षात ठेवा.

दुसऱ्या राज्यांत राहणाऱ्या नातेवाइकांच्या मतपत्रिकेवरही हे पद असतं का?

राज्यागणिक चित्र बदलतं. काही ठळक उदाहरणं:

मिनेसोटात ऑडिटर मुख्यतः शहरं, काउंट्या, टाऊनशिप यांचे हिशेब बघतो. राज्याची खाती विधिमंडळाने नेमलेला दुसरा ऑडिटर तपासतो. म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या बरोबर उलट. तिथले आर्नी कार्लसन आणि मार्क डेटन हे दोघे ऑडिटर पुढे गव्हर्नर झाले. 2022 मध्ये जुली ब्लाहा दहा हजारांहून कमी मतांनी जिंकल्या.

पेनसिल्व्हेनियात पदाचं नाव ऑडिटर जनरल, निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीबरोबर, आणि लागोपाठ दोनच कार्यकाळ. 2020 मध्ये टिमथी डेफूर यांनी बांगलादेशात जन्मलेल्या शास्त्रज्ञ नीना अहमद यांना हरवलं, आणि 2024 मध्ये ते पुन्हा निवडून आले.

आयोवाचं उदाहरण काळजी वाटण्याजोगं आहे. 2022 मध्ये डेमोक्रॅट रॉब सँड तीन हजारांहून कमी मतांच्या फरकाने टिकले आणि राज्यपातळीवर निवडून आलेले ते एकटेच डेमोक्रॅट उरले. पुढच्याच वर्षी रिपब्लिकन विधिमंडळाने कायदा करून ऑडिटरला कोणती माहिती मागता येईल यावर मर्यादा घातल्या आणि एखाद्या खात्याने कागद दिले नाहीत तर वाद न्यायालयाऐवजी लवादाकडे न्यायचा असं ठरवलं. तपासनीसाला हटवता येत नसेल तर त्याचा दिवा विझवायचा, असा हा प्रकार. पक्ष कुठलाही असो, हे वाईटच.

मिझुरीची पद्धत मला फार आवडते. तिथे ठरावीक संख्येने नागरिकांनी सह्या करून मागणी केली तर ऑडिटरला त्यांच्या गावाची, शाळा मंडळाची तपासणी करावी लागते.

भारतात आपण असा ऑडिटर का निवडत नाही?

घटनेच्या 148 व्या कलमानुसार नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांची नेमणूक राष्ट्रपती करतात. मुदत सहा वर्षं किंवा वयाची पासष्ट वर्षं, जे आधी येईल ते. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखंच त्यांना काढणं अवघड असतं, आणि निवृत्तीनंतर सरकारी पद घेता येत नाही. राज्यांसाठी वेगळा कॅग नसतो. महाराष्ट्राचे हिशेब कॅगच्याच हाताखालची मुंबई आणि नागपूरची महालेखाकार कार्यालयं तपासतात. अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात येतो आणि लोकलेखा समितीकडे जातो. ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा, पालिका यांच्यासाठी राज्याची स्थानिक निधी लेखापरीक्षा आहे, वडिलांच्या जेवणाच्या वेळा बदलणारी ती हीच.

प्रचार नाही, देणग्या नाहीत, पुढच्या निवडणुकीची चिंता नाही ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. पण नेमणूक सरकारच्या सल्ल्यानेच होते आणि अहवाल सभागृहात कधी मांडला जाईल हेही सरकारच्या हातात राहतं. कुणाच्या सांगण्यावरून कुणाची तपासणी होते हाही प्रश्न आहेच. 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने मुंबई महापालिकेच्या कामांची खास तपासणी कॅगकडे सोपवली आणि मार्च 2023 मध्ये अहवाल विधानसभेत आला. त्यातले आक्षेप गंभीर होते. तरी मागणी सत्तेतल्या सरकारकडून आली म्हणून चर्चा आकड्यांपेक्षा हेतूंचीच जास्त झाली. मिझुरीसारखी, नागरिकांच्या सह्यांनी सुरू होणारी तपासणी महाराष्ट्रात असती तर किती गावांनी सह्या केल्या असत्या, असं मनात येतं.

ऑडिटर आणि सत्ताधारी एकाच पक्षाचे असले तर तपासणीला अर्थ काय उरतो?

मॅसॅच्युसेट्समध्ये शेवटचा रिपब्लिकन ऑडिटर 1941 मध्ये पायउतार झाला. त्यानंतर सगळे डेमोक्रॅट, आणि विधिमंडळही बहुतेक काळ त्यांचंच. गव्हर्नर मात्र अनेकदा रिपब्लिकन होते. काही मतदार ठरवून दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला मत देतात, की पहारेकरी तरी वेगळा असावा. हा विचार मला पटतो, पण तेवढ्यावर थांबू नये. डिझोग्लिओंनी स्वपक्षाच्याच नेत्यांशी दोन हात केले. आणि विरोधी पक्षाचा ऑडिटर फक्त गव्हर्नरपदाची पायरी म्हणून अहवाल लिहीत असेल तर तेही नको. उमेदवाराला एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्या स्वतःच्या पक्षाच्या लोकांना अडचणीत आणणारं असं कोणतं काम तुम्ही आजवर केलंत? उत्तर देताना तो अडखळला तर समजून घ्या.

ग्रीन कार्ड आहे. मत देता येईल का?

नाही. या निवडणुकीत अमेरिकेचे नागरिकच मत देऊ शकतात. एच-1बी किंवा ग्रीन कार्ड असताना चुकूनही मतदार नोंदणी करू नका, पुढे नागरिकत्वाच्या अर्जात फार महागात पडतं. गाडीचा परवाना काढताना समोर आलेला प्रत्येक कागद नीट वाचून सही करा. ग्रीन कार्डवाल्यांना उमेदवाराला देणगी देता येते, व्हिसावर असलेल्यांना तीही नाही. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) घेतलेल्यांना महाराष्ट्रात मतदान करता येत नाही, म्हणून तुमचं मत आता इथलंच.

नोंदणी कधीपर्यंत, मतदान कसं?

निवडणुकीच्या दहा दिवस आधीपर्यंत नोंदणी करता येते. ऑनलाइन, टपालाने किंवा टाऊन क्लार्कच्या कार्यालयात. 2022 च्या कायद्याने टपाली मतदान सर्वांसाठी कायम झालं, कारण द्यावं लागत नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी दोन आठवडे मुदतपूर्व मतदान केंद्रंही उघडी असतात. त्या मंगळवारी मतदान बहुतेक ठिकाणी सकाळी 7 ते रात्री 8.

सप्टेंबरची प्राथमिक फेरी विसरू नका. कुठल्याही पक्षात नाव नोंदवलं नसेल तर तुम्ही दोनपैकी कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकता, आणि तेवढ्याने तुम्ही त्या पक्षाचे होत नाही. 2022 मध्ये खरी चुरस याच फेरीत होती.

उमेदवाराला या मतपत्रिकेवर येण्यासाठी काय लागतं?

ऑडिटरसाठी 5,000 प्रमाणित मतदारांच्या सह्या. गव्हर्नरसाठी 10,000. वसंतात किराणा दुकानाबाहेर कागदाची पाटी घेऊन उभी असलेली माणसं बहुतेक याचसाठी उभी असतात. सही करणं म्हणजे मत देणं नव्हे. थांबून दोन प्रश्न विचारायला ती उत्तम जागा आहे.

आई-बाबा नागरिक झालेत, पण इंग्रजी वाचायला त्रास होतो. मतपत्रिका मराठीत मिळते का?

मराठीत मिळत नाही. पण वाचता येत नसलेल्या किंवा दृष्टी अधू असलेल्या मतदाराला स्वतःच्या पसंतीचा माणूस सोबत आत नेता येतो, हा केंद्रीय कायद्याने दिलेला हक्क आहे. तो माणूस मुलगा, सून, शेजारीण कुणीही चालतो, फक्त त्यांचा मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी नको. दारातल्या कर्मचाऱ्यांना तसं आधी सांगा. सोबत जाल तेव्हा नावं मोठ्याने पण सावकाश वाचा, पद काय करतं ते घरीच समजावून ठेवा, आणि आईने बोट ठेवलं त्याच नावापुढची लंबगोल जागा भरा. माझ्या आईने पहिल्यांदा मतदान केलं तेव्हा गव्हर्नरपाशी ती फार रेंगाळली नाही. ऑडिटरच्या रकान्यापाशी मात्र थांबून म्हणाली, 'हा तुझ्या बाबांकडे यायचा तो ना? मग नीट वाच.'